वहिनींच्या जागेवर

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

सकाळी दादा दुकानात गेला. मी कपडे धुतले, मेथी निवडली. चारच्या सुमारास वहिनींच्या पुस्तक भिशीतल्या बायका आल्या. साळवे टीचर, बँकेतली सायली आणि वयस्कर भिमाबाई मावशी. चहा केला. भिमाबाईंनी बिनसाखरेचा मागितला आणि नंतर दोन बिस्किटं खाल्ली.

वहिनी ऑगस्टमध्ये गेल्या. त्यांची भिशीतली जागा तेव्हापासून रिकामी आहे आणि ती तशी ठेवता येत नाही, असं या बायकांचं म्हणणं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक काढतात. जिची निघेल तिच्या घरी पुढची बैठक, आणि ती म्हणेल ते पुस्तक सगळ्यांनी वाचायचं. पुस्तकं फक्त बायकांनी लिहिलेली. मधे कुणी गावाला गेलं किंवा वारलं तर घरातल्या दुसऱ्या बाईने बसायचं, पण भिशी पुरी करायची. डब्यात आता दोन चिठ्ठ्या उरल्यात, आजची इथून जाऊन काढणार म्हणाल्या. त्यातली एक वहिनींची.

मी म्हटलं, मला पुस्तकातलं काही कळत नाही. मी शाळेच्या ऑफिसात लिपिक होते, हजेरीपट आणि दाखले एवढंच वाचलं.

सायली म्हणाली, "मग तर झालंच, मुक्ताताई. आमच्यात बऱ्याच जणींना कळत नाही, फक्त त्या सांगत नाहीत." सगळ्या हसल्या. दुखवट्याच्या घरात हसल्या. टीचर हसल्या नाहीत, पण त्या वहिनींच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ते मी लक्षात ठेवलं आहे.

संध्याकाळी दादा म्हणाला, "जा की. रतनला बरं वाटलं असतं." वहिनींच्या टेबलावरची पुस्तकं माझ्या खोलीत आणली. पतसंस्थेची ही डायरी कोरीच पडली होती. पुस्तकाबद्दल बोलावं लागणार, म्हणून मतं हिच्यात लिहून ठेवते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली कादंबरी संपली. पुण्याची एक बाई पंचेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याला सोडून खोली घेऊन राहते आणि चित्रं काढायला शिकते. नवरा वाईट नाही. तो फक्त पेपर वाचतो. बाई जाते त्या दिवशी पातेल्यात दूध असतं. त्या दुधाचं पुढे काय झालं ते कुठेच नाही. घरात सासू आहे, तिला गोळ्या कोण देतं तेही नाही. लेखिकेला खोलीच्या पडद्याचा रंग मात्र तीनदा सांगावासा वाटला.

मला त्या बाईचा राग आला. पण खाली ठेवलं नाही, दोन दिवसांत संपवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरं गोष्टींचं. लेखिका तरुण आहे, मागे फोटो आहे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बाई खिडकीत उभी राहते. खिडकीत उभं राहून काय होतं? आमच्या खिडकीतून खताचं गोदाम दिसतं. वहिनी आजारपणात तिथेच बसायच्या. मी विचारलं होतं, काय बघता? म्हणाल्या, "पोती मोजतेय, वन्सं. तुमच्या भावाचा माल चोरीला गेला तर?" मी म्हटलं, पडदा लावा, ऊन लागेल.

गोष्टी मला आवडल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाचनालयात साळवे टीचरांच्या कादंबरीचं प्रकाशन झालं. नाव 'चारीकाठ'. त्यांनी कधी काही लिहिलेलं मला माहीत नव्हतं. गर्दी बरी होती, त्यांच्या चर्चमधली मंडळी, शाळेतले जुने विद्यार्थी. मी मागे बसले. संपल्यावर त्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आल्या आणि हातात पुस्तक दिलं. "वाचा हं. घाई नाही. पण वाचा." माझा हात धरून ठेवला होता. मी सोडवून घेतला.

वहिनींच्या आजारात याच त्यांना नगरला रेडिएशनला न्यायच्या. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. मी येते म्हटलं होतं. वहिनी म्हणाल्या, "तुमचे गुडघे, वन्सं. तुम्ही घर बघा." मी घर बघितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ती वहिनीच आहे.

पुस्तकात नाव इंदू आहे, पण वहिनीच आहे. पदर खोचायची पद्धत, पोती मोजणं, सगळं. मला सांगितलेली थट्टा टीचरांनाही सांगितली होती. गोष्ट सांगणारी बाई तिची मैत्रीण. दोघी दवाखान्यातून येताना राहुरीला उतरतात आणि स्टँडसमोर मिसळ खातात. एकदा नाही, दर आठवड्याला. इंदूच्या नाकातून पाणी येतं, ती हसते आणि म्हणते, "घरी मऊ भात वाट बघतोय. तोही खाणार आहे मी, नाही तर आमच्या कुसुमला कळेल."

कुसुम म्हणजे मी.

तो भात मी करत होते. मीठ मोजून, तूप न घालता, कोमट करून. वहिनी पानातलं सगळं संपवायच्या. मला वाटायचं, आज त्यांना भूक लागली. मी दादाला तसं सांगायचे.

आज जेवले नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पुस्तक संपलं. जे वाचलं ते इथे लिहिते, म्हणजे राग थंड होणार नाही.

रेडिएशनच्या शेवटच्या आठवड्यात इंदू दोन दिवस दवाखान्यात गेलीच नाही. घरून निघाली, एसटीत बसली, पण अकोले गावच्या. तिथून जीपने वर, भंडारदऱ्याकडे, तिच्या माहेरच्या गावाला. भाताची लावणी चालली होती. इंदू खाचराच्या बांधावर बसली, चिखलात पाय सोडले आणि दिवसभर बायकांना ओरडून सांगत राहिली, रोपं वाकडी लावताय म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

वहिनींचं माहेर तिकडचंच. जुलैमधली गोष्ट असणार. त्या आठवड्यात त्यांच्या साडीच्या काठाला तांबडा चिखल होता. मी विचारलं, नगरला तांबडा चिखल कुठला? म्हणाल्या, स्टँडवर खोदलंय. ती साडी मी दोनदा धुतली. आणि तांदूळ! भावाने पाठवला म्हणाल्या होत्या, वासाचा. त्याचाच भात मी करत होते.

म्हणजे उपचार अर्धवट सोडले. साळवे टीचरांनी सोडायला लावले. ऑगस्टमध्ये वहिनी गेल्या. आणि ही बाई त्यावर पुस्तक लिहून हार घालून घेते.

शिवाय मला दगड म्हटलं आहे. पान उतरवून घेते. जीपमधून परतताना इंदू म्हणते:

"घरी माझी नणंद आहे. सगळे माझ्याकडे बघून डोळे पुसतात, ती पुसत नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं की मी मरतेय हे मला कळतच नाही. म्हणून तर रोज संध्याकाळी घरी जावंसं वाटतं."

डोळे पुसत नाही म्हणे. अख्ख्या श्रीरामपुराला सांगितलं. वहिनी असं बोलल्याच नसतील. मी मोरीत नळ सोडून रडत होते हे मी कुणाला सांगायला जाणार होते का?

या बाईला मी सोडणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

तिसरी कादंबरी. ही मला पटली. गोदाकाठची एक विधवा. दिरांनी तिच्या जमिनीचा खोटा कागद केलेला. ती भांडत नाही. वर्षभर त्यांना जेवू घालते, त्यांच्या पोरींची बाळंतपणं करते. सगळ्यांना वाटतं, बाई विसरली. मग पुतणीच्या लग्नात, पंगत बसलेली असताना, ती थोरल्या दिराच्या हातात तो कागद देते आणि म्हणते, भावजी, मला दिसत नाही, जरा मोठ्याने वाचा. दिराला वाचावं लागतं. व्याह्यांसमोर.

लेखिकेने पुढे बाईला जरा रडवलंय, ते नको होतं. पण बाकी उत्तम. हिला थांबता येतं. आरोप आपण करायचा नसतो. ज्याचा त्याच्याकडूनच वाचून घ्यायचा.

मी दादाला अजून काही सांगितलेलं नाही. तो पुस्तकं वाचत नाही.

७ डिसेंबर, रविवार

भिशीला गेले. यावेळी सायलीच्या घरी होती. पुस्तक तिने निवडलेलं, गोदाकाठच्या विधवेचं, त्यावर बोलले. उभं राहून चार वाक्यं बोलले असेन. म्हटलं, ही बाई योग्य वागली.

सायली म्हणाली, "बापरे, मुक्ताताई, तुमच्याशी जपून राहायला पाहिजे."

"व्हय बया," भिमाबाई म्हणाल्या, "गप बसनारी बाई आन् झाकलेली ईर, दोनीला पाय जपून टाकावा." भिमाबाईंना वाचता येत नाही. नात त्यांना वाचून दाखवते, त्यामुळे त्या नातीच्या आवाजात पुस्तक सांगतात आणि मधेच तिला अभ्यासाला बस म्हणतात.

मग चिठ्ठी. डब्यात एकच होती. सगळ्यांना माहीत होतं कुणाची, तरी डबा हलवला आणि भिमाबाईंनी डोळे मिटून काढली. सायलीने वाचलं, "रतन औताडे."

मी म्हटलं, पुढची बैठक आमच्याकडे. पुस्तक 'चारीकाठ'.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सायली म्हणाली, वहिनींच्या चिठ्ठीवर टीचरांचं पुस्तक, किती छान. टीचरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. भरू देत.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. दरवर्षीप्रमाणे साळवे टीचरांकडून फराळाचा डबा आला. करंज्या, चकल्या, केक. आमच्याकडे यंदा वर्ष पुरं होईपर्यंत तळण नाही, म्हणून डबा मोठा होता. दादाने दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाला, रतनला खोबऱ्याच्या आवडायच्या. मी चव घेतली नाही. उरलेलं कचरा वेचायला येतात त्या बाईला दिलं.

२७ डिसेंबर, शनिवार

टीचरांचा डबा परत करायला गेले. आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. वहिनी तर डाळ, गूळ, असेल ते भरून द्यायच्या. मी रिकामा दिला.

त्यांनी झाकण उघडून बघितलं. मग म्हणाल्या, "घासून दिलात की. माझे कष्ट वाचले." बसायला सांगितलं. मी बसले नाही. घरात एकट्याच असतात. टेबलावर एक ताट होतं.

परत येताना पाय हलके वाटत होते.

४ जानेवारी २०२६, रविवार

आज झालं.

सकाळी सतरंजी घातली, वहिनींचा फोटो पुसला. दादाला दुकान लवकर बंद करायला सांगितलं होतं. तो म्हणाला, बायकांच्यात मी काय करू? म्हटलं, वहिनींच्या नावाची शेवटची बैठक आहे, कोपऱ्यात बस. तो नवीन शर्ट घालून बसला.

चहा झाला. सायलीने पुस्तकाचं कौतुक केलं. मग मी पुस्तक उघडून टीचरांच्या हातात दिलं. म्हटलं, टीचर, हे पान तुमच्या तोंडून ऐकायचंय. अकोल्याच्या एसटीपासून जीपपर्यंत. मोठ्याने वाचा, दादाला कमी ऐकू येतं.

त्यांनी पान बघितलं. दादाकडे बघितलं. मग माझ्याकडे. तेव्हा त्यांना कळलं. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी स्पष्ट पाहिला. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते.

मला वाटलं होतं, काहीतरी निमित्त काढतील. चष्मा नाही म्हणतील. पण त्यांनी वाचलं. एकही ओळ गाळली नाही. दवाखान्याला न जाणं, चिखल, रोपं, तांदळाचं गाठोडं. मग जीप, आणि माझ्याबद्दलचं ते. तिथेही थांबल्या नाहीत.

मग भिमाबाई म्हणाल्या, "आशी येक बाई घरात पायजेच. माझ्या आजारपनात समद्या मेल्या रडून रडून मला जिती असतानाच सरनावर घालीत व्हत्या. आशी येक असती तर चार दिस सुखानं झोपले असते मी." बाकीच्यांनी मान हलवली. भिमाबाईंना ते नीट समजलं नसावं. ऐकून वाचलं की असं होतं.

मी दादाकडे बघत होते. आता उठेल. आता विचारेल.

दादा म्हणाला, "फार चांगलं लिहिलंय, टीचर." मग बराच वेळ शर्टचं बटण चाचपत राहिला. "आमची रतन शेवटपर्यंत म्हणत होती. एकदा माहेरी नेऊन आणा, लावणी बघायची आहे. मी म्हणायचो, बरी हो, मग जाऊ. सीझन होता, दुकान सोडवेना. तिला असं कुणी नेलं असतं तर..." त्याने फोटोकडे बघितलं. "गोष्टीत बरं असतं. गोष्टीत जमतं सगळं."

त्याला कळलं नाही. सगळं समोर वाचलं आणि त्याला कळलं नाही. तो रडायला लागला. सगळ्या बायकांसमोर, नवीन शर्टात.

खोलीत फक्त दोघींना माहीत होतं. टीचर माझ्याकडे बघत होत्या. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. ते वाक्य पंधरा दिवस पाठ केलं होतं. ही आपली वहिनी आहे दादा, आणि हिने तिचे उपचार बुडवले.

मी कप गोळा केले.

सगळ्या गेल्यावर टीचर फाटकाशी थांबल्या. जे बोलणं झालं ते लिहिते.

"तिनं मला शपथ घातली होती," त्या म्हणाल्या. "घरी कुणाला बोलायचं नाही. मी बोलले नाही."

"लिहिलंत की."

"लिहू नको असं नव्हती म्हणाली."

मी म्हटलं, दवाखाना का बुडवलात?

"डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मुक्ताताई. यापुढे नाही आलात तरी चालेल. आम्ही दोघीच होतो तेव्हा खोलीत."

"ते पुस्तकात नाही."

"नाही. ते घातलं असतं तर ती मरायला टेकली होती म्हणून गेली, असं झालं असतं. तिला जायचं होतं म्हणून ती गेली."

खरं असेल, खोटं असेल. आता कोण सांगणार? डॉक्टरांना जाऊन विचारता येईल. मी विचारणार नाही.

मग त्यांनी फाटकाची कडी धरली आणि विचारलं, "दादांना सांगणार आहात का?"

मी फाटक लावलं.

५ जानेवारी, सोमवार

दादा दुकानात गेला नाही. डोकं दुखतं म्हणाला. दुपारी म्हणाला, "मुक्ते, मी तिला दोन दिवस नेलं असतं तर काय बिघडलं असतं गं?"

मी म्हटलं, चहा ठेवू का?

सांगितलं तर काय होईल याचा विचार केला. वहिनी माहेरी जाऊन आल्या होत्या हे ऐकून त्याचं ओझं उतरेल. चिडेल, ओरडेल, पण शेवटी तो टीचरांचे पायच धरेल. आयुष्यभर त्यांचे उपकार मानेल. नाताळाला साडी नेऊन देईल. वहिनींना माहेर दाखवलं ते टीचरांनी, असं होईल. मग माझा भात कुठे जाईल?

नाही सांगणार. पण नाही सांगणार हे मी टीचरांनाही सांगणार नाही. दर वेळी फाटक वाजलं की त्यांना वाटू दे, औताडे जाब विचारायला आले. रस्त्यात भेटले तर माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेऊ देत. त्यांना काही कळणार नाही. माझ्या तोंडावरून कुणाला काही कळत नाही, त्यांनीच छापलंय तसं.

'चारीकाठ'बद्दल मत लिहायचं राहिलं. भाषा साधी आहे. मधला भाग लांबला आहे. दोघी हसतात ती पानं चांगली आहेत. ती मी पुन्हा वाचली.

६ जानेवारी, मंगळवार

दादा दुकानात गेला. बाजारात मटार स्वस्त आले आहेत. वहिनी असतानाच्या सवयीने दोन किलो घेतले. आता दोघांना ते कसे संपणार?

ओसरीवर परात घेऊन बसले. फोन वाजला. साळवे टीचर. मी बघितलं आणि तसाच वाजू दिला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. शेंगा कोवळ्या होत्या, अंगठ्याने दाबल्या की उघडत होत्या. फोन थांबला. मी पिशवी जवळ ओढली आणि राहिलेले मटार सोलले.